मुरमाच्या रस्त्यावरचं गाव

नैरोबी सोडून तासभर झाला होता. पुढे रस्त्याचं काम चालू होतं म्हणून गाडी आडवाटेला वळली, आणि इंग्रजीत गप्पा मारणारा चालक मधेच म्हणाला, आता थोडा वेळ ‘मुरम’. मला वाटलं, कानांनी घोटाळा केला. खिडकीतून पाहिलं तर खरोखरच मुरूम होता. तांबडा, खडबडीत, चाकाखाली करकरणारा, आमच्या साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात शोभावा असा. मग दिवसभर तोच खेळ चालला. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’, गोणीला ‘गुनिया’, विम्याला ‘बिमा’. जेवायला थांबलो तिथे फळ्यावर पहिलंच नाव ‘चपाती’, आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीचं नाव ‘कचुंबरी’.

यातले काही शब्द जुन्या गलबतांतून आले, काही रेल्वेबरोबर. 1896 ते 1901 या काळात मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग टाकायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर नेले. बहुतेक पंजाबातले. त्यांतले जवळजवळ अडीच हजार परत आलेच नाहीत. तापाने, अपघाताने तिकडेच गेले. रुळांच्या मागोमाग गुजराती दुकानदार पसरले, आणि कचेऱ्यांत, स्वयंपाकघरांत, शिवणयंत्रांवर गोव्याची माणसं दिसू लागली. गोवेकरांकडे परतीच्या वाटेवर येईन.

मी चाललो होतो इटेनला. आमच्या साताऱ्यातल्या धावणाऱ्या मंडळींत दर पावसाळ्यात एक विषय हमखास निघतो. आपल्याकडे डोंगर आहेत, हवा आहे, कासचं पठार आहे, माणदेशातल्या मोहीसारख्या खेड्यातून ललिता बाबर निघाली आणि ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. मग परदेशी धावपटू सरावाला आपल्याकडे का येऊ नयेत? एकाच्या मते सिंथेटिक ट्रॅक हवा, दुसऱ्याच्या मते विमानतळ, तिसऱ्याच्या मते नुसती चांगली जाहिरात. जगभरातले धावपटू जिथे स्वतःच्या खर्चाने येऊन महिना महिना राहतात ते गाव केनियात आहे, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून निघताना मला काम सोपवण्यात आलं: त्यांनी काय काय बांधलंय ते नीट बघून ये.

लिमुरूच्या पुढे जमीन एकदम संपते. म्हणजे समोर शेतं, झाडं, माणसं आहेत असं वाटत असतानाच रस्ता कड्याच्या टोकाला येतो आणि खाली रिफ्ट खोरं उघडं पडतं. आफ्रिकेचं कवच इथे उकललं गेलंय आणि दोन्ही बाजूंना कडे उभे राहिलेत. गाडी खाली उतरते, नैवाशाच्या सरोवराकाठी युरोपला जाणाऱ्या गुलाबांची प्लॅस्टिकने झाकलेली शेतं मैलोन्‌मैल दिसतात, मग नाकुरू लागतं आणि पलीकडचा चढ सुरू होतो. विषुववृत्त ओलांडलं तेव्हा मी स्वेटर घातला होता. लहानपणी भूगोलात विषुववृत्त म्हणजे घामाच्या धारा असं पाठ केलेलं. इथे पाइन आणि सायप्रसच्या झाडांतून गार वारा येत होता.

वर चढून गेल्यावर उआसिन गिशूचं पठार पसरतं. मका, गहू, मधूनमधून दुभत्या गाई. 1908 साली दक्षिण आफ्रिकेतून बैलगाड्या घेऊन बोअर शेतकऱ्यांचा तांडा इथे आला आणि इंग्रज सरकारने त्यांना जमिनी तोडून दिल्या. त्या जमिनी कोणाच्या होत्या हे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती. 64 क्रमांकाच्या शेतावर टपाल कचेरी उघडली म्हणून वस्तीचं नावच ‘सिक्स्टी फोर’ पडलं. स्थानिक जिभेने त्याचं ‘सिसिबो’ केलं. तेच आजचं एल्डोरेट. 2024 मध्ये त्याला महानगराचा दर्जा मिळाला.

एल्डोरेटच्या बाजारपेठेत हिंडताना कोणी ना कोणी बोट दाखवतं: ही इमारत अमक्या मॅरेथॉन विजेत्याची, तो पेट्रोलपंप तमकीचा. कोल्हापुरात पैलवानाने तालीम गाजवली की तो म्हशी घेतो, तसं इथे शर्यत जिंकली की आधी गाई, मग जमीन, मग भाड्याने द्यायची इमारत. ही परंपरा किपचोगे केइनोपासूनची. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने 1500 मीटरचं सुवर्ण जिंकलं. मेक्सिको सिटी 2240 मीटर उंचीवर. सखल प्रदेशातले भले भले तिथे धापा टाकत राहिले आणि केनियाच्या पठारावरची मुलं घरच्यासारखी पळाली. उंची ही काहीतरी चीज आहे, हे जगाच्या डोक्यात शिरलं ते त्या वर्षी. केइनोने पुढे एल्डोरेटजवळ शेती केली, अनाथ मुलांना घर दिलं, शाळा काढली आणि सरावाचं केंद्रही.

एल्डोरेटहून ईशान्येला साधारण 35 किलोमीटरवर इटेन. गावात शिरताना रस्त्यावर कमान आहे: ‘होम ऑफ चॅम्पियन्स’, विजेत्यांचं घर. सरकारी जाहिरात म्हणावी अशी एवढीच. कमानीखाली मोटरसायकलवाले, म्हणजे इथले ‘बोडा बोडा’, गिऱ्हाइकाची वाट पाहत असतात आणि एखादी गाय सावलीला उभी असते. कमान ओलांडून आत गेलो आणि माझ्या साताऱ्याच्या मंडळींची यादी हातातच राहिली. पत्र्याची दुकानं, औषधविक्रेता, मोबाइलवरून पैसे पाठवण्याची हिरवी टपरी, कोळसा विकणाऱ्या बाया, शिवणयंत्र, चहाची खोपटी. आपलं एखादं बाजाराचं तालुक्याचं गाव. जागतिक दर्जाचं म्हणावं असं डोळ्यांना काहीच दिसेना.

कामरीनी नावाचं गावाचं जुनं मैदान मोठ्या उत्सुकतेने बघायला गेलो. मातीच्या या वर्तुळावर विश्वविजेत्यांच्या कित्येक पिढ्या घडल्या. मग त्याचं आधुनिक स्टेडियम करायचं ठरलं, मैदान उकरलं गेलं आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. सरकारी कामाची ही तऱ्हा बघून परदेशात आल्यासारखंच वाटेना. धावणारे मात्र अडून राहिले नाहीत. ते दुसऱ्या मातीच्या मैदानांवर गेले, रस्त्यांवर गेले.

ज्या घरी उतरलो होतो तिथल्या बाईंना सगळे ‘मामा’ म्हणत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, आणि थोरल्या मुलाचं नाव पुढे जोडून बाईला हाक मारायची रीत आहे. हे पहिल्या दिवशी पचवायला मला जरा जड गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी बूट बांधताना पाहून मामा म्हणाल्या, “पोले पोले.” हळूहळू. मी हसलो, अर्धमॅरेथॉनच्या चढावर घाम गाळलेला माणूस मी. चारशे मीटरवर उभा राहिलो. छाती भात्यासारखी चालली होती आणि पाय कोणा दुसऱ्याचे वाटत होते.

इटेन समुद्रसपाटीपासून 2400 मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. त्याच्या डोक्यावर आणखी साडेसातशे मीटरचा डोंगर ठेवला तर इटेनचा बाजार लागेल. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या तीन-चतुर्थांश. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेवढंच, पण हवाच विरळ, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो. मूत्रपिंडांना ही टंचाई कळते आणि ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडू लागतात. हाडांतल्या मगजाला निरोप पोचतो, तांबड्या पेशी वाढतात, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद वाढते. हे काम आठ दिवसांत होत नाही. तीन-चार आठवडे मुक्काम लागतो. मग सखल प्रदेशात उतरून शर्यतीत उभं राहिलं की तीच छाती मोठी झाल्यासारखी वाटते. फार उंच गेलं तर झोप, भूक आणि सरावाचा वेग सगळंच बिघडतं. दोन ते अडीच हजार मीटरचा पट्टा सोयीचा. इटेन नेमकं त्यात बसतं, आणि विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेला असल्यामुळे बर्फ नाही, उन्हाळा नाही, बारा महिने दिवस सारखाच मोठा. युरोपात गुडघाभर बर्फ असतो तेव्हा इथल्या रस्त्यावर गोऱ्या चेहऱ्यांची गर्दी होते. मो फारा इथे राहून गेला, पॉला रॅडक्लिफ राहून गेली.

पण उंचीच विकायची तर दुकानं पुष्कळ आहेत. मेक्सिकोच्या तयारीसाठी फ्रान्सने पिरेनीज पर्वतात फाँ-रोमूचं केंद्र उभारलं. स्वित्झर्लंडचं सेंट मॉरित्झ आहे, अमेरिकेतलं फ्लॅगस्टाफ आहे, मोरोक्कोचं इफ्रान आहे. तिथे ट्रॅक गुळगुळीत, डॉक्टर हाताशी, रस्ते स्वच्छ. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर राहून तयार झाला. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेच्या स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्य घेतलं तेव्हा 1994 नंतर प्रथमच त्या शर्यतीच्या पदकमंचावर बिगर-केनियन माणूस चढला होता. सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने. म्हणजे इटेनला न येताही केनियाच्या धावपटूच्या खांद्याला खांदा लावता येतो. मग लोक इथे का येतात?

याचं उत्तर गुरुवारी सकाळी मिळालं. गावाबाहेरच्या एका फाट्यावर नऊच्या सुमाराला माणसं जमू लागली. कोणी चालत, कोणी बोडा बोडावरून तिघं तिघं. फाटका टी-शर्ट घातलेला पोरगा, त्याच्या शेजारी मोठ्या शहरांच्या मॅरेथॉनमध्ये नाव कमावलेला गडी, चार जपानी, दोन स्पॅनिश मुली. दोनशेच्या आसपास असतील. नोंदणी नाही, शुल्क नाही, शिट्टीवाला मास्तर नाही. एकाने पुढे होऊन आजचं गणित सांगितलं: एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश, असं पंचवीस वेळा. हाताच्या घड्याळांचा एकदम किट् किट् आवाज झाला आणि सगळा घोळका लाल धुळीत नाहीसा झाला. मी रस्त्याच्या कडेला थांबलो होतो. दोनशे जोड बुटांचा मुरमावरचा आवाज काय असतो हे लिहून दाखवणं कठीण आहे. पंढरीच्या वाटेवर रिंगणात घोड्यामागून वारकरी धावतात तेव्हा पायांखालची जमीन जशी बोलते तसं काहीसं.

हे फाँ-रोमूत मिळत नाही. जगातल्या कुठल्याही केंद्रात परदेशी पाहुण्याला सोबतीला चार जण मिळतील. इथे तुमच्या वेगाचे, तुमच्याहून थोडे वेगवान आणि फार वेगवान असे शेकडो रोज सकाळी आपणहून रस्त्यावर असतात. मागे पडलं तर लाज नाही, टिकलं तर कौतुक नाही. मामांकडे उतरलेला एक तरुण डच धावपटू म्हणाला, घरी मी माझ्या शहरातला पहिला असतो, इथे माझ्या गल्लीतला चौदावा आहे.

आणखी एका गोष्टीने मला चकवलं, ती म्हणजे सावकाशपणा. आमच्याकडे हौशी माणूस रोजच कोणाला तरी हरवायला धावतो. इथे पहाटेच्या फेरीची सुरुवात इतकी संथ की मी, धापा टाकणारा मी, पहिले पाचशे मीटर विश्वविजेत्यांबरोबर चाललो. शरीर तापेल तसा वेग आपोआप वाढत जातो. दुपारी गाव निजतं. खरोखर निजतं, झाडाखाली, ओट्यावर, खाटेवर. विश्रांती हा सरावाचाच भाग आहे असं पुस्तकात आपणही वाचतो, पण दिवसाढवळ्या आडवं पडलं की घरचे काय म्हणतील ही धास्ती आपल्याला झोपू देत नाही. संध्याकाळी हलकी फेरी, मग उगाली. मक्याच्या पिठाचा हा घट्ट गोळा हाताने मोडून ‘सुकुमा विकी’ या पालेभाजीबरोबर खायचा; नावाचा अर्थ, आठवडा ढकला. चहा मात्र आपलाच. दूध, पाणी, पत्ती, साखर एकत्र उकळलेला, दिवसातून चार वेळा, साखर सढळ हाताने.

मुर्सिक हे दूध वेगळं. भोपळ्याच्या पोटात आतून विशिष्ट झाडाच्या जळक्या काडीची काजळी घासायची आणि त्यात दूध आठवडाभर आंबवायचं. रंग करडा, चव धुरकट आणि आंबट. पहिला घोट माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा, कारण मामांच्या नाती खो खो हसल्या. जिंकून आलेल्या धावपटूला एल्डोरेटच्या विमानतळावर याच भोपळ्याने ओवाळल्यासारखं करून मुर्सिक पाजतात.

गावातलं सेंट पॅट्रिक्स विद्यालय बघायला गेलो. 1976 साली कॉल्म ओकॉनेल नावाचे आयरिश धर्मबंधू इथे भूगोल शिकवायला आले. धावण्याचं कसलंही शिक्षण त्यांना नव्हतं. थोडे दिवस राहायचं म्हणून आलेले, ते इथलेच झाले. त्यांच्या हाताखालच्या पीटर रोनोने 1988 च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरचं सुवर्ण आणलं. 2012 मध्ये लंडनला 800 मीटर 1 मिनिट 40.91 सेकंदांत धावून विश्वविक्रम करणारा डेव्हिड रुडिशाही त्यांचाच शिष्य. शाळेच्या आवारात विजेत्यांच्या नावाने झाडं लावलेली आहेत. पाटी वाचत वाचत एका झाडाखालून दुसऱ्याखाली जायचं. इतिहासाचं पुस्तक सावली देत असतं. सुट्टीतली सराव शिबिरं ओकॉनेल यांनीच सुरू केली, आणि आज पठारभर शेकड्यांनी दिसणाऱ्या ‘कॅम्प’चं मूळ तिथपर्यंत जातं.

मुलींची गोष्ट निराळी. मुलं धावून येऊन निजायची तेव्हा कॅम्पातल्या मुली भांडी घासत, स्वयंपाक करत. लोर्ना किप्लागाट या धावपटूने हे भोगलं होतं. परदेशी शर्यतींत पैसे मिळाल्यावर, विसावं शतक सरता सरता, तिने इटेनला स्वतःचं केंद्र बांधलं: मुलींनी फक्त धावावं, खावं, झोपावं, शिकावं म्हणून. ते चालवायला पैसे हवेत, म्हणून परदेशी पाहुण्यांना खोल्या दिल्या. व्यायामशाळा आली, पोहण्याचा तलाव आला, पुढे सिंथेटिक ट्रॅकही तिनेच केला. गावाची जगाला पहिली नीट ओळख झाली ती या दारातून. माझ्या मंडळींना सांगण्याजोगी बांधकामं मिळाली खरी, पण ती सरकारने वा पर्यटन खात्याने बांधलेली नव्हती. धावणाऱ्या बाईने आपल्या बक्षिसातून बांधली होती, आणि पाहुणे आधीपासून यायला लागले होते.

पैशांचं काय, हे मी खोदून विचारत होतो. इथल्या नावांत जन्मवेळ असते. आपल्याकडे सोमा, बुधा, मंगळू असत तसं. मुलगा पावसात जन्मला तर किप्रोप, धान्याच्या कोठाराजवळ जन्मला तर किपचोगे. मुलीच्या नावापुढे बहुधा ‘चेप’ किंवा ‘जेप’. मला भेटलेला किप्रोप परदेशी पाहुण्यांना वेग धरून देतो, म्हणजे ठरलेल्या गतीने पुढे धावतो आणि वारा अंगावर घेतो. दिवसाचे ठरलेले शिलिंग मिळतात. त्याचं स्वतःचं स्वप्न युरोपातल्या एखाद्या एजंटने त्याला बघावं हे आहे. पाच वर्षं तो वाट बघतोय. त्याच्या खोलीत सहा जण राहतात आणि एकाची परदेशवारी झाली तर बाकीच्यांचं भाडं तो देतो. दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये आपण ज्यांना टाळ्या वाजवतो त्यांतले काही चेहरे याच गर्दीतून चाळून आलेले असतात. मालीश करणारे, खोल्या देणारे, भाजीवाल्या, बोडा बोडावाले यांचं पाहुण्यांवर चालतं. किप्रोपसारखे हजारो जण मात्र गावाची शानही आहेत आणि स्वस्त कच्चा मालही. ‘विजेत्यांचं घर’ या कमानीखाली न जिंकलेलेच जास्त राहतात.

या टंचाईतून औषधांचा धंदाही येतो. एका शर्यतीत सगळ्या घराचं दैन्य फिटणार असेल तर सुई टोचून देणारा कोणीतरी भेटतोच. 2014 मध्ये बोस्टन आणि शिकागो मॅरेथॉनची विजेती रिटा जेप्टू हिच्या नमुन्यात तेच एरिथ्रोपोएटिन बाहेरून घेतलेलं सापडलं, जे इथली हवा फुकट देते. त्यानंतर बंदी घातलेल्या केनियन धावपटूंची यादी लांबत गेली आणि 2022 मध्ये देशावरच बंदी येण्याची वेळ आली. उत्तेजकविरोधी कामासाठी दर वर्षी 50 लाख डॉलर असे पाच वर्षं देण्याचं सरकारने कबूल केलं तेव्हा ती टळली. औषधाच्या दुकानाबद्दल मी चहाच्या टपरीवर विचारलं. बोलणं तिथेच थांबलं.

दुसरी जखम अॅग्नेस टिरोपची. सप्टेंबर 2021 मध्ये तिने जर्मनीत केवळ महिलांच्या 10 किलोमीटर शर्यतीचा विश्वविक्रम केला, 30 मिनिटं 1 सेकंद. महिन्याभरात इटेनमधल्या राहत्या घरी ती भोसकलेल्या अवस्थेत मृत सापडली. पंचवीस वर्षांची होती. खुनाचा आरोप पतीवर ठेवला गेला. जिंकणाऱ्या मुलीच्या पैशावर, जमिनीच्या कागदावर कोणाची सही असावी, हा इथे घराघरांतला वाद आहे. तिच्या मैत्रिणींनी ‘टिरोप्स एंजल्स’ नावाची संस्था काढली. छळ होणाऱ्या मुली तिथे बोलायला येतात. मामा याबद्दल एवढंच म्हणाल्या की आता मुलगी भेटली की तिच्या आईच्या आधी त्या तिच्या बँकेच्या पुस्तकाची चौकशी करतात.

इटेन कड्याच्या अगदी काठावर बसलंय. बाजाराच्या मागे चालत गेलं की पुढे फक्त आकाश, आणि तेराशे मीटर खाली केरिओ खोरं. कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघताना पोटात जो खड्डा पडतो तोच इथे. 1883 मध्ये जोसेफ थॉमसन या स्कॉटिश प्रवाशाने इथल्या एका खडकाला ‘हिल टेन’ म्हटलं आणि त्याचं इटेन झालं, असं सांगतात. तांबाचवरून वळणं घेत उतरलो तेव्हा अर्ध्या तासात ऋतू बदलला. वर स्वेटर, खाली बाभळी, शेळ्या, मधाच्या पोळ्यांसाठी झाडांवर टांगलेले पोकळ ओंडके आणि आंब्यांची झाडं. घाम आला, आणि श्वासही पुरेसा आला.

खोऱ्यात उत्तरेला माराक्वेत लोकांनी शतकानुशतकं जपलेले पाट आहेत. कड्यावरचं पाणी दगड, माती, लाकडाच्या आधाराने वळवून खाली शेतांत आणायचं, आणि कोणत्या कुळाने किती तास घ्यायचं हे परंपरेने ठरलेलं. धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत बघितलेल्या माणसाला हे सगळं न सांगता कळतं. त्याच पट्ट्यात गुरं पळवण्यावरून बंदुकाही चालतात. पोकोट जमातीची टेग्ला लोरुपे, 1994 मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकलेली पहिली आफ्रिकन स्त्री, इथल्या भांडणाऱ्या जमातींच्या तरुणांना एका शर्यतीत धावायला लावते. शर्यत संपेपर्यंत तरी बंदूक घरी राहते, असं एका दुकानदाराने सांगितलं.

दक्षिणेकडे फ्लोरस्पारची जुनी खाण आहे. तिच्या नावाचा घाटरस्ता धावपटूंत कुप्रसिद्ध. खोऱ्याच्या तळापासून वरपर्यंत 21 किलोमीटर अखंड चढ. तो पळत चढतात. मी गाडीतून चढलो आणि तरी दमलो.

वर आल्यावर काप्तागाटचं जंगल लागलं. एलिउड किपचोगेचा कॅम्प इथेच. 12 ऑक्टोबर 2019 रोजी व्हिएन्नात ज्याने मॅरेथॉनचं अंतर 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत कापलं तो माणूस आठवडाभर साध्या खोलीत राही आणि पाळी आली की संडास धुई. ही पाळीची पद्धत सगळ्यांना लागू. त्याचे गुरू पॅट्रिक सांग यांनी स्वतः 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं रौप्य जिंकलेलं. याच काप्तागाट–एल्डोरेट रस्त्यावर 11 फेब्रुवारी 2024 च्या रात्री केल्विन किप्टुमची गाडी आदळली. चार महिन्यांपूर्वी शिकागोत 2 तास 35 सेकंदांत मॅरेथॉनचा विश्वविक्रम केलेला तो चोविशीचा मुलगा आणि त्याचे रवांडाचे प्रशिक्षक जागीच गेले. चालकाने ती जागा आल्यावर वेग कमी केला, काही बोलला नाही.

साताऱ्याहून निरोप आला होता: तिकडचा ट्रॅक कुठल्या कंपनीचा? मी तांबड्या रस्त्याचा फोटो पाठवला. उलट प्रश्न आला, हा रस्ता यवतेश्वरचा आहे का?

नैरोबीला परतल्यावर एक दुपार मोकळी होती. शहरात गोवेकरांचे जुने क्लब अजून आहेत. भिंतींवर हॉकीच्या संघांचे फोटो. गोवेकर बापाचा मुलगा जोसेफ मुरुंबी 1966 मध्ये या देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला, आणि स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगलेल्या पियो गामा पिंटोला 1965 मध्ये याच शहरात गोळ्या घातल्या गेल्या. मी मात्र ज्याच्यासाठी आलो होतो तो सेराफिनो आंताव. मोंबासाचा, म्हणजे अगदी समुद्रकाठचा, गोवेकर घरातला मुलगा. 1962 मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 100 यार्ड आणि 220 यार्ड, दोन्हींचं सुवर्ण जिंकलं. केनियाच्या नावावर मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण लागलं ते तिथे, आणि तेही वेगवान छोट्या शर्यतीत, पठाराशी काडीचा संबंध नसलेल्या माणसामुळे. किप्रोपला मी हे नाव विचारलं होतं. त्याने ऐकलेलं नव्हतं.

डिसेंबर 1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाला. पुढच्या वर्षी टोकियो ऑलिंपिकच्या संचलनात नव्या देशाचा नवा झेंडा घेऊन आंताव पुढे चालला. त्याच स्पर्धेत विल्सन किप्रुगुट हा पठारावरचा धावपटू 800 मीटरमध्ये तिसरा आला आणि केनियाला पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं.